पडद्याची आणि कळफलकाची फारकत

मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात स्वतंत्र अभ्यासिका नाही. खिडकीलगत चार फूट लांबीचे एक टेबल आहे आणि तिथेच बसून मी भाषांतराचे काम करते. आठवड्यातले काही दिवस लोकलने फोर्टला जावे लागते, त्यामुळे डेस्कटॉप घेऊन तोच मजकूर दोन यंत्रांवर सांभाळत बसण्यापेक्षा एकच लॅपटॉप दोन्हीकडे वापरणे मला सोयीचे वाटत आले. मात्र तो नुसताच टेबलावर ठेवून काही वर्षे काम केल्यावर मान आणि खांदे दुखू लागले, आणि तेव्हा कुठे मी त्याच्या रचनेकडे नीट पाहिले.

लॅपटॉपचा पडदा आणि कळफलक बिजागरीने एकमेकांना बांधलेले असतात. पडदा डोळ्यांसमोर आणावा तर हात खांद्यापर्यंत उचलावे लागतात आणि हात कोपरांच्या पातळीवर ठेवावेत तर मान खाली जाते. या दोहोंची फारकत केल्याशिवाय दिवसभर बसण्याची बैठक जमत नाही. म्हणून मी सर्वांत आधी घेतला तो साधा कीबोर्ड आणि माउस. लॅपटॉप दोन जाडजूड शब्दकोशांवर चढवला, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली, आणि मॉनिटर घेण्यापूर्वीच मानेचा त्रास बराच उतरला. ज्यांना एकदम मोठा खर्च करायचा नाही त्यांना मी हाच क्रम सुचवीन.

कीबोर्डचे महत्त्व मराठीत लिहिणाऱ्याला अधिक जाणवते. मी इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिपींसाठीच्या कळरचनेच्या पद्धतीने टंकन करते. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताखाली व बहुतेक व्यंजने उजव्या हाताखाली येतात, त्यामुळे 'की', 'तो', 'रे' अशी अक्षरे उमटवताना दोन्ही हात आलटून पालटून चालतात. ज्ञ, त्र, क्ष आणि श्र मात्र शिफ्टसह अंकांच्या ओळीत आहेत. माझ्या लॅपटॉपच्या आखूड, उथळ कळांवर तिथपर्यंत जाताना बोट हमखास शेजारच्या कळीवर पडत असे. पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर त्या चुका जवळजवळ थांबल्या. माझ्या दृष्टीने सगळ्या खरेदीतली सर्वांत सार्थ खरेदी हीच.

मॉनिटर 24 इंची, 1920 बाय 1080 बिंदूंचा आहे. लॅपटॉपवर असतात तेवढेच बिंदू मोठ्या पडद्यावर पसरल्यामुळे अक्षरे लॅपटॉपइतकी रेखीव दिसत नाहीत, आणि जोडाक्षरे व रफार वाचताना ते कळते. मी मजकुराचा आकार वाढवून घेते आणि हातभर अंतरावर बसते. मूळ मजकूर लॅपटॉपच्या पडद्यावर, भाषांतर मॉनिटरवर, अशी विभागणी केली आहे.

जोडणीत माझी एकदा फसगत झाली. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या टाइप-सी केबलने लॅपटॉप चार्ज होई, पण मॉनिटर काळाच राही, कारण त्या केबलमधून चित्राचा संकेत जाण्याची सोयच नव्हती. दोन्ही टोके सारखीच दिसत असली तरी प्रत्येक टाइप-सी केबल, आणि लॅपटॉपचे प्रत्येक टाइप-सी पोर्टही, चित्र वाहून नेतेच असे नाही. हे दुकानातच विचारून घ्यावे. 4के, म्हणजे माझ्या मॉनिटरच्या चौपट बिंदूंचा मॉनिटर घेणाऱ्यांनी चित्र वाहून नेणारे एचडीएमआय पोर्टही तपासावे, कारण 1.4 आवृत्तीवर 4के चित्र सेकंदाला 30 वेळाच बदलते आणि माउसचा बाण अडखळल्यासारखा वाटतो. 60 वेळांसाठी 2.0 लागते.

झाकण मी उघडेच ठेवते. ते मिटूनही काम चालते, परंतु काही लॅपटॉपची उष्णता कळफलकाच्या बाजूनेही बाहेर पडते, आणि मुंबईच्या मे महिन्यात ती कोंडून ठेवणे मला रुचत नाही. बॅटरी सतत पूर्ण भरलेली आणि गरम राहिली तर लवकर थकते, म्हणून सेटिंगमध्ये चार्जिंगची मर्यादा 80 टक्के केली आहे. एवढी जपणूक अशासाठी की ती बॅटरी घरातला इन्व्हर्टरच आहे. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी मुंबई आणि आसपासची वीज एकाएकी गेली तेव्हा मॉनिटर आणि राउटर दोन्ही बंद पडले, पण लॅपटॉपवरचा परिच्छेद जसाच्या तसा उघडा राहिला आणि मोबाइलच्या इंटरनेटवरून मी तो वेळेत पाठवू शकले.

फोर्टला जायच्या दिवशी सकाळी केबल आणि कीबोर्ड-माउसचा छोटा रिसीव्हर काढला की लॅपटॉप पिशवीत जातो. तिथल्या टेबलावर मात्र जुनीच बैठक होती, म्हणून गेल्या महिन्यात तसाच आणखी एक कीबोर्ड आणि घडीचा स्टँड घेऊन तिथल्या खणात ठेवला आहे.