ई-२० आणि कोकणातला पाऊस

ई-२० म्हणजे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. त्यातल्या ऑक्सिजनमुळे कार्ब्युरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) जुन्या गाडीत मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड कमी दिसतो. नायट्रोजन ऑक्साइड मात्र वाढू शकतात, अ‍ॅसिटाल्डिहाइड हा घातक वायू तर वाढतोच. पण हे दोन्ही पीयूसीवाला मोजतो कुठे? बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या नव्या गाड्या ऑक्सिजन सेन्सरवरून इंधन जुळवून घेतात, त्यांचं सोडा.

रत्नागिरी-मालवणकडे खरी डोकेदुखी पाण्याची. टाकीच्या झाकणाचं रबर चिरलं की पावसाचं पाणी आत झिरपतं. प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल पाण्यासकट तळाशी बसतं, आणि कॉक (टाकीखालचा इंधनाचा नळ) नेमका तिथूनच इंधन उचलतो. संशय आला तर काचेच्या बाटलीत थोडं काढून बघा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करा, कार्ब्युरेटरच्या वाटीचा ड्रेन स्क्रूही सोडा. वरून नवं पेट्रोल ओतून भागत नाही.