स्कुल्डेलेव ५ : फळ्या बसल्या, आता वल्ह्यांची भोकं

स्कुल्डेलेव ५ या व्हायकिंग (मध्ययुगातले स्कँडिनेव्हियन दर्यावर्दी) जहाजाच्या माझ्या मॉडेलच्या फळ्यांचं काम एकदाचं पूर्ण झालं! स्केल १:२५, त्यामुळे मूळची १७.३ मीटरची युद्धनौका टेबलावर ६९ सेंटिमीटर भरते आणि रुंदी जेमतेम १०. डेन्मार्कच्या रोस्किल्ड फ्योर्डमधून (जमिनीत घुसलेल्या समुद्राच्या खाडीतून) १९६२ मध्ये जी पाच जहाजं बाहेर काढली, त्यातलं हे छोटं लढाऊ जहाज. बांधणी साधारण १०३० ची, तीसेक माणसांसाठी.

व्हायकिंग सुतार आधी फळ्यांचं कवच उभं करत आणि मग आत फासळ्या बसवत. मॉडेलला साचा लागतोच, पण फळीवर फळी चढवण्याची पद्धत तीच ठेवली. मूळ जहाजात दोन फळ्यांच्या जोडात डांबरात भिजवलेली लोकर आणि लोखंडी रिव्हेट असत. मी बीच लाकडाचं १ मिमी व्हिनियर (पातळ पत्रा) वापरलं. रिव्हेटसाठी पितळी तारेचे तुकडे, टोकं घासून काळी केलेली. नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, फळी एकाच वेळी वाकते आणि पिळते. तिथे वाफ दिल्यावर चिमट्यात रात्रभर ठेवल्याशिवाय ती ऐकत नाही.

पाण्याची रेघ आखली तेव्हा या जहाजाचं मर्म डोळ्यांसमोर आलं. रेघ तळापासून फक्त २.४ सेंटिमीटरवर! म्हणजे खरं जहाज ६० सेंटिमीटर पाण्यात चालायचं. अशा जहाजाला बंदर लागत नाही. वाळूवर चढवा, उड्या मारा, मठ लुटा, परत ढकला. दोन्ही टोकं निमुळती, त्यामुळे वळवत बसायलाही नको. हे जहाज लिंडिसफार्न या इंग्लंडमधल्या मठावरच्या ७९३ च्या व्हायकिंग छाप्यापेक्षा दोनशेहून अधिक वर्षांनी धाकटं आहे, पण उथळ तळाचं तत्त्व तेच. ८४५ मध्ये सुमारे १२० जहाजं सेन नदीतून थेट पॅरिसपर्यंत गेली आणि फ्रँकांचा राजा टकल्या चार्ल्स याला ७,००० पौंड चांदी मोजावी लागली. तलवारी फ्रँकांकडेही उत्तम होत्या. माझ्या मते फरक पडला तो या तळामुळे.

आता वल्ह्यांची भोकं, एका बाजूला १३. वरच्या फळीत छोट्या ड्रिलने सुरुवात करून गोल कानसीने वाढवतोय. काठ तुटू नये म्हणून मागे लाकडाचा ठोकळा धरतो.

त्यानंतर शीड. मूळ शिडं लोकरीची असत. या स्केलला शोभेल इतकं बारीक विणीचं लोकरी कापड कुणी वापरलंय का? मलमल फार सपाट दिसते.