बंब नको, मास्क दाखवा

ऑक्टोबर उजाडला की इथे न्यू जर्सीत बालवाडीच्या दारात लाल बंब येऊन उभा राहतो. 8 ऑक्टोबर 1871 ला शिकागोत प्रचंड आग लागली होती. तिच्या आठवणीत 9 तारीख ज्या आठवड्यात येते, तो आठवडा आगीपासून बचाव शिकवण्याचा. पोरांना बंबात बसायला मिळतं, प्लास्टिकची टोपी मिळते, आईबाबांचे फोटो होतात.

मला भावतो तो पुढचा भाग. जवान पोरांसमोर मांडी घालून बसतो आणि एकेक वस्तू अंगावर चढवतो. बूट, जाडजूड कोट, हेल्मेट, शेवटी मास्क. मास्कमधून श्वास घरघरायला लागला की एखादं तरी भोकाड पसरतंच. तो तसाच रांगत जवळ जातो, हात पुढे करतो. धुरात हा अवतार पाहून लहान मुलं घाबरतात, पलंगाखाली नाहीतर कपाटात दडतात आणि सापडत नाहीत. म्हणून शिकवायचं एवढंच, की मी दिसलो तर लपू नका, हाक मारा. नुसतं ‘थँक्यू’ म्हणण्यापेक्षा हे मला फार मोठं वाटतं.

आपल्यासाठी राबणाऱ्या बाकीच्यांची ओळख मात्र लांबूनच. पोस्टमनची वर्णी रंगवायच्या कागदावर लागते. कचऱ्याच्या गाडीला पोरं टाटा करतात, पण डबा उचलतो यांत्रिक हात, माणूस काचेआड.

ठाण्याला, नौपाड्यात आईकडे आलो की तीच माणसं अगदी दारात. या खेपेला आई लेकीला घेऊन घंटागाडीपाशी गेली. “मावशी, नातीला जरा दाखवा हो,” म्हणाली. मावशींनी एक पिशवी उघडली. भाताच्या खरकट्यात फुटक्या बरणीची काच. हे सगळं हातानेच निवडायचं! ओला-सुका वेगळा देणं 2016 च्या नियमांनीच सक्तीचं केलं होतं, आमच्या सोसायटीत मात्र त्यावर अजून चर्चा चालू आहे. लेकीने त्या दिवसापासून काच वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल खडूने ‘काच’ लिहायचं काम अंगावर घेतलंय. ‘च’ उलटा येतो, पण मावशींना कळतं.

आपल्याकडे अग्निशमन सप्ताह 14 ते 20 एप्रिल. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले 66 जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ. ठाण्यातल्या बालवाडीच्या बाई हे वाचत असतील तर जवळच्या अग्निशमन केंद्रात विचारून बघा. बंब नाही आला तरी चालेल, मास्क चढवून दाखवणारा एक जवान तेवढा मागा.