मेणवलीची घंटा आणि वसईच्या आजी

वाईत गाइडचं निम्मं काम म्हणजे लोकांना ओढून देवळामागे नेणं. ढोल्या गणपतीला हात सगळेच जोडतात. पण रास्त्यांनी १७६२ मध्ये हे देऊळ बांधताना मागची भिंत माशासारखी निमुळती ठेवली, कृष्णेचा पूर तिथे दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावा म्हणून, हे बघायला कुणाला सवड नसते. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्याआधी विचारतात, "सिनेमाचं शूटिंग कुठं झालं?"

तिथल्या घाटावर देवळापाशी असलेल्या घंटेजवळ मात्र मी कुणाला घाई करू देत नाही. तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मरियम. समोरून टॉर्च मारला तर काही दिसत नाही. कडेनं, तिरपा धरायचा, म्हणजे उठाव वर येतो. मग माझं ठेवणीतलं वाक्य: "१७३९ ला चिमाजीअप्पांनी वसई घेतली, आणि फिरंग्यांची ही घंटा विजयाची खूण म्हणून इथं आली!" इथे हमखास टाळ्या पडतात.

त्या दिवशीही पडल्या. टाळ्या थांबल्यावर लाल लुगडं नेसलेल्या एक आजी पुढे आल्या. त्यांनी मरियमवर बोटं टेकवली आणि छातीवर क्रूस केला. मागून कुणीतरी "देवळात हे काय?" म्हणालं. असली माणसं प्रत्येक बसमध्ये एक तरी असतातच.

"आजी, कुठल्या तुम्ही?"

"वसईची. फिरंगी गेले रे बाळा, आम्ही तिथंच राहिलो. आम्ही कुठले फिरंगी?"

रागावल्या नव्हत्या. उलट घंटा नीट राखलीय म्हणाल्या, आणि वाजते का ते विचारलं. त्यांच्या मुलाला मी टॉर्च कसा धरायचा ते दाखवलं, त्यानं फोटो काढले. तोवर ड्रायव्हरचा हॉर्न सुरू. ट्रॅव्हल्सवाले मेणवलीला वीस मिनिटं देतात. तेवढ्यात घाटाच्या पायऱ्या उतरून होत नाहीत.

चिमाजीअप्पांचा पराक्रम खराच. तहात पोर्तुगीजांना मानानं बाहेर पडू दिलं, तेही खरं. ते मी आता आवर्जून सांगतो. पण त्या घंटेच्या आवाजावर प्रार्थनेला जाणारी, मराठीच बोलणारी वसईची माणसं माझ्या गोष्टीत कुठं बसवायची? 'फिरंग्यांची'ऐवजी 'वसईकरांची' म्हणून पाहिलं. टाळ्या कमी पडतात, आणि एखादा तरी विचारतो, म्हणजे कुणाची?