मजूर हजार, मळणी यंत्र एकच

लातूर, नांदेड, बीडकडून पॅरलल कॉम्प्युटिंग, म्हणजे एक काम अनेक प्रोसेसरांत वाटून एकाच वेळी करणं, शिकायला जर्मनीत येऊ पाहणाऱ्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तिकडे कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्र काम करणारे भाग) किती मिळतात? मिळतात, भरपूर मिळतात. कोलोन आणि आखेनच्या मधे युलिश नावाचं छोटं गाव आहे. तिथला जुपिटर हा महासंगणक 2025 च्या सप्टेंबरात रीतसर सुरू झाला. युरोपातला हा पहिला एक्झास्केल संगणक, म्हणजे सेकंदाला 1 वर 18 शून्यं इतकी आकडेमोड. त्यात एनव्हिडियाच्या जवळपास 24,000 सुपरचिप आहेत आणि दर चिपमध्ये 72 कोअरचा प्रोसेसर अधिक एक जीपीयू, म्हणजे एकाच वेळी ढीगभर आकडेमोड करणारी चिप. पण विचारायचं ते हे, की मिळालेला कोअर किती वेळ नुसता बसून राहतो.

सोयाबीनच्या सुगीत हे रोज दिसतं. कापणीला वीस मजूर लावले की रान दिवसात मोकळं होतं, पण मळणी यंत्र एकच असलं की सुड्या रानातच थांबतात. संगणकतज्ज्ञ जीन ॲमडाल यांनी 1967 मध्ये मांडलेला नियम हाच आहे. प्रोग्रॅमचा 5 टक्के भाग एकामागून एकच चालणारा असेल, तर 64 कोअरवर वेग वाढतो सुमारे 15.4 पट. 1024 कोअर लावले तर 19.6 पट. सोळापट कोअर घालून मिळालं एवढंच, आणि 20 च्या पुढे तो कधीच जात नाही. म्हणून आधी तो 5 टक्के भाग कुठे आहे ते शोधा. बहुतेकदा तो फाइल वाचण्यात किंवा शेवटी निकाल एकत्र करण्यात निघतो.

दुसरी अडचण मेमरीची, आणि ती घरच्या लॅपटॉपवरही तितकीच खरी. दोन ॲरे (आकड्यांच्या लांब रांगा) घ्या, एकाला स्थिरांकाने गुणा, दुसऱ्यात मिळवा, उत्तर तिसऱ्यात ठेवा. डबल प्रिसिजनमध्ये, म्हणजे दर आकडा 8 बाइटचा धरून, दर फेरीला दोनच आकडेमोडी होतात, पण मेमरीतून किमान 24 बाइट ये-जा करतात. लॅपटॉपमध्ये डीडीआर4-3200 या प्रकारच्या रॅमची एकच पट्टी असेल तर कमाल वेग सेकंदाला 25.6 जीबी. भागाकार करून बघा: सेकंदाला जेमतेम 2.1 अब्ज आकडेमोडी. कोअर चार असोत की आठ, आकडा तोच. दुसऱ्या चॅनेलवर (मेमरीच्या वेगळ्या वाटेवर) आणखी एक पट्टी बसवली तर मात्र तो जवळपास दुप्पट होतो.

सगळ्यात जास्त दिवस खाणारी चूक डोळ्याला दिसतच नाही. एका प्रोग्रॅमचे आठ थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे आठ धागे, आठ काउंटर, प्रत्येक जण फक्त आपलाच काउंटर वाढवतो. कागदावर बिनचूक. पण काउंटर 8 बाइटचा आणि कॅशची (कोअरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीची) ओळ 64 बाइटची, आणि डेटा ओळीओळीनेच हलतो. आठही काउंटर एकाच ओळीत बसतात. वहीच्या एकाच पानावर आठ जणांनी आपापल्या रकान्यात लिहायचं ठरवलं, पण पान एका वेळी एकाच्याच हातात, असं होतं. ओळ एका कोअरकडून दुसऱ्याकडे फिरत राहते आणि आठ थ्रेडचा प्रोग्रॅम एका थ्रेडपेक्षाही हळू पडू शकतो. उत्तर बरोबरच येतं, म्हणून शंकाही येत नाही. उपाय सोपा: थ्रेडने बेरीज स्वतःच्या लोकल व्हेरिएबलमध्ये करायची आणि ॲरेत शेवटी एकदाच लिहायचं. ओपनएमपीमध्ये (थ्रेड वापरायची सोय) रिडक्शन लिहिलं की हे काम आपोआप होतं.

इथल्या क्लस्टरवर, म्हणजे जोडलेल्या अनेक संगणकांच्या (नोडच्या) संचावर, काम रांगेत लावायला बहुतेक ठिकाणी स्लर्म हे सॉफ्टवेअर असतं. आपण आधी शिरतो त्या लॉगिन नोडवर कंपाइल करा, फाइल दुरुस्त करा. मोठा प्रोग्रॅम तिथे चालवू नका, तो नोड सगळ्यांचा आहे. लागतो त्याहून फार जास्त वेळ मागितला तर जॉब (रांगेत लावलेलं काम) अडकतो, कारण मधल्या रिकाम्या फटीत छोटे जॉबच बसवले जातात. कमी मागितला तर काम अर्ध्यावर मारलं जातं. छोटी चाचणी करून वेळ मोजा, वर पाव भाग धरा आणि चेकपॉइंट लिहीत चला, म्हणजे झालेलं काम मधेमधे जतन करा. स्लर्म 22.05 मध्ये आलेला एक बदल नवख्यांना हमखास अडवतो: एसबॅचमध्ये (जॉब रांगेत टाकणारी कमांड) दिलेले सीपीयूज-पर-टास्क, म्हणजे दर टास्कला किती कोअर, ते एसरन (टास्क चालवणारी कमांड) आपणहून उचलेलच असं नाही. एसरनला ते वेगळे देणंच बरं, नाहीतर सगळे थ्रेड एकाच कोअरवर कोंबले जाऊ शकतात. आणखी एक, 128 कोअरचा नोड पूर्ण राखून एकच कोअर वापरला तरी 10 तासांचे 1280 कोअर-तास तुमच्या खात्यातून जातात.

हे शिकायला व्हिसा लागत नाही. पुण्याच्या सीडॅक या सरकारी संस्थेने 1991 मध्ये ट्रान्सप्युटर (एकमेकांना जोडायच्या प्रोसेसर) चिप जोडून परम 8000 हा महासंगणक उभा केला होता; तुमच्या चार कोअरच्या लॅपटॉपवर जीसीसी हा कंपायलर आणि ओपनएमपी आज फुकट चालतात. तोच प्रोग्रॅम 1, 2 आणि 4 थ्रेडवर पाच-पाच वेळा चालवा, लॅपटॉप चार्जरला लावून, कारण बॅटरीवर क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, घसरतो. दर वेळचा आकडा वहीत लिहा. चारला वेग दुपटीच्या आसपासच अडकला, तर आधी मेमरीचा भागाकार करा, मग कॅशच्या ओळी तपासा.