निक्कोचा न पाहिलेला हत्ती

आईच्या गुडघ्यांमुळे निक्कोचा बेत मी दोनदा रद्द केला होता. शेवटी तीच म्हणाली, "जपानला येऊन नुसती दुकानंच बघायची का गं?" मग सकाळी टोकियोतल्या आसाकुसाहून तोबू रेल्वेची गाडी धरली. दोन तासांत डोंगर आले.

निक्को हे राष्ट्रीय उद्यान झालं १९३४ साली, पण देवस्थान त्याच्या कितीतरी आधीचं. इथल्या तोशोगू देवळात तोकुगावा इयेयासू, जपानचा एके काळचा शोगुन म्हणजे लष्करी राज्यकर्ता, देव होऊन बसलाय. १६१६ला तो गेला. आजची बहुतेक बांधकामं त्याचा नातू इयेमित्सू याने १६३६मध्ये करवली. योमेइमोन दरवाजावर पाचशेहून जास्त कोरीव आकृत्या आहेत. खरं सांगायचं तर मला जरा अतीच वाटलं, लग्नात सगळे दागिने एकदम अंगावर घालणाऱ्या काकूंसारखं. तिथल्या एका खांबावरची नक्षी मुद्दाम उलटी कोरलीय. काम पूर्ण झालं की उतरण लागते, म्हणून. "म्हणजे तीट लावलीय," आई म्हणाली.

तबेल्यावरच्या तीन माकडांपुढे ही गर्दी! गांधीजींच्या माकडांचे हे भाऊबंद आपल्याला ओळखीचेच. त्यांच्यासमोरच्या कोठाराकडे मात्र फारसं कोणी वळत नव्हतं. छताखालच्या त्रिकोणात दोन हत्ती आहेत. त्यांचं मूळ चित्र कानो तान्यू या चित्रकाराचं, आणि त्याने जन्मात हत्ती पाहिला नव्हता! डोळे चंद्रकोरीसारखे, शेपटी झुपकेदार. आई मान वर करून बराच वेळ बघत राहिली.

"सुपासारखे कान कुठायत याचे?"

"ऐकीव माहितीवर काढलाय गं."

"मग सोंड बरी जमली की."

पुढे झोपलेलं मांजर कोरलेल्या दारापाशी आईला बसवलं आणि इयेयासूच्या समाधीच्या २०७ पायऱ्या एकटीच चढले. वर दोन्ही बाजूंना उंच सुगी वृक्ष, ओली शेवाळलेली दगडी कठडी, आणि एवढा थाट खाली मांडून बसलेल्या माणसाची समाधी अगदी साधी, काशाची.

रिन्नोजी या बौद्ध मंदिरात तीन सोनेरी मूर्ती आहेत. मधला अमिदा म्हणजे अमिताभ. एका बाजूला हजार हातांचा अवलोकितेश्वर आणि दुसऱ्या बाजूला डोक्यावर घोड्याचं मुख असलेला. "हयग्रीव," मी म्हटलं. आईने पटकन हात जोडले.

दुपारी बसने चुझेंजी तलावाकडे निघालो. या घाटाचं नाव इरोहाझाका. चढायचा रस्ता वेगळा, उतरायचा वेगळा. दोन्ही मिळून ४८ वळणं आणि प्रत्येकाला जुन्या जपानी मुळाक्षरांतलं एकेक अक्षर. आई अक्षरांच्या पाट्या शोधत होती, मी आल्याची वडी.

केगोन धबधबा ९७ मीटरचा. लिफ्टने खाली उतरलो तर समोर नुसतं पांढरं धुकं! वीस मिनिटं कठड्याला टेकून उभ्या राहिलो. पाण्याचा एक थेंब दिसला नाही, कानांत मात्र अखंड गडगडाट.

"आवाजावरून मोठा असणार," आई म्हणाली. "चल, ते युबा, ती सोयाबीनच्या दुधाची साय, घातलेले सोबा नूडल्स खाऊ. गरम असतात ना?"