रेट सगळे सांगतात, बर्स्ट कोणी सांगत नाही

लिंक २० एमबीपीएसची. जोडणी, आयपी, राउटिंग सगळं एका दुपारीत झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण एकच मोठी फाइल उतरवायला घेतली की वेग ६ च्या वर जाईना. पुढचे अकरा दिवस त्यात गेले. दोष निघाला सेवा देणाऱ्यांच्या पोलिसरमध्ये, म्हणजे ठरलेल्या रेटच्या वरची पॅकेटं (डेटाचे छोटे तुकडे) टाकून देणाऱ्या यंत्रणेत. त्याचा बर्स्ट, म्हणजे एकदम किती बाइट जाऊ द्यायचे ती मर्यादा, फार लहान होता.

सेवा देणाऱ्यांच्या सपोर्टकडून रोज तेच उत्तर यायचं. "सर, पिंग क्लीन आहे, स्पीड टेस्ट १८ दाखवतेय, तिकीट क्लोज करू का?" तीनदा तिकीट बंद झालं, तीनदा मी ते पुन्हा उघडायला लावलं. दोन्ही चाचण्यांमध्ये हा दोष सापडणारच नव्हता, आणि हे मला नीट मांडायला आठवडा लागला याचं अजून वाईट वाटतं. पिंगचं पॅकेट छोटं आणि सेकंदाला एक, त्यामुळे पोलिसरला ते जाणवतही नाही. स्पीड टेस्ट बहुतेक वेळा एकाच वेळी अनेक कनेक्शन उघडते. एक मागे पडलं तरी बाकीची भरून काढतात आणि बेरीज चांगली दिसते. मी आठ डाउनलोड एकदम लावले तेव्हा बेरीज १७ झाली. एकच लावलं की ६.

पोलिसर टोकनच्या बादलीवर चालतो. बादली ठरलेल्या रेटने भरत राहते, पॅकेट आलं की त्याच्या आकाराएवढी टोकन खर्च होतात, टोकन नसतील तर पॅकेट तिथेच टाकलं जातं. शेपरसारखं त्याला रांगेत थांबवून ठेवत नाहीत. टीसीपी (फाइल पोचवणारा प्रोटोकॉल) मात्र झुंडीने पाठवतो. सरासरी ५ एमबीपीएस असली तरी गिगाबिट पोर्टवरून झुंड येते ती गिगाबिटच्याच वेगाने. बादली, म्हणजे बर्स्ट, लहान असेल तर पहिली डझनभर पॅकेटं जातात, पुढची पडतात. टीसीपीला वाटतं वाट तुंबली, तो वेग एकदम खाली आणतो, हळूहळू वर चढतो, पुन्हा आपटतो. माझ्या पॅकेट कॅप्चरमध्ये (आल्यागेल्या पॅकेटांच्या नोंदीत) हेच करवतीचे दात दिसत होते.

अकराव्या दिवशी, रात्रपाळीच्या एका अभियंत्याने कॅप्चर उघडून पाहिलं आणि त्यांच्या पोलिसरची पॉलिसी (सेटिंग) वाचून दाखवली. रेट २,००,००,००० बिट, बर्स्ट १६,००० बाइट. म्हणजे १,५०० बाइटची जेमतेम दहा पॅकेटं! प्रत्यक्षात ६० मिलिसेकंदांच्या फेरीला (पॅकेट जाऊन उत्तर परत येईपर्यंतच्या वेळेला) २० एमबीपीएस भरून वाहायचे तर दीड लाख बाइट वाटेत असावे लागतात. पाच मिनिटांची सरासरी रेटच्या खूप खाली होती, तरी एक्सीड झालेल्या (मर्यादेबाहेर गेलेल्या) पॅकेटांचा आकडा चढतच होता. त्यांनी बर्स्ट ६,२५,००० केला, म्हणजे पाव सेकंदाचा माल. काढायला सोपं आहे, रेटला ३२ ने भागायचं. त्याच रात्री एकटी फाइल १८ च्या वर उतरली. मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या.

अपलोडचं मी आधीच माझ्या बाजूने सोडवलं होतं, हे सांगायचं राहिलं. बाहेर जाणारी वाहतूक आपल्याच राउटरवर १९ एमबीपीएसला शेप केली की झुंड पोलिसरपर्यंत पोचतच नाही. पूर्ण २० ठेवू नका, हेडरचा (पॅकेटावरच्या पत्त्याच्या भागाचा) हिशेब दोन्हीकडे सारखा असेलच असं नाही. इथे एकदा मी स्वतः फसलो. सिस्को आयओएसमध्ये (सिस्को राउटरच्या प्रणालीत) पोलिसचा बर्स्ट बाइटमध्ये असतो आणि शेपचा बिटमध्ये. सरळ आकडा उचलून टाकलात तर आठपट चूक होते. मी शेपचा बर्स्ट ७६,००० बिट ठेवला, म्हणजे चार मिलिसेकंद, साडेनऊ हजार बाइट. त्यांच्या १६,००० च्या बादलीत तो बसला. डाउनलोडला हा उपाय नाही, कारण तिथे पाठवणारा आपल्या हातात नसतो. तिथे त्यांनाच आकडा बदलावा लागतो.

त्यामुळे लिंक घेताना रेटसोबत बर्स्ट किती बाइटचा ते लेखी मागा. माझ्या अर्जात त्यासाठी रकानाच नव्हता. आणि चाचणी एकाच टीसीपी कनेक्शनवर करा. यूडीपीवर (पॅकेटं पडली तरी वेग कमी न करणाऱ्या प्रोटोकॉलवर) आयपर्फ हे वेग मोजायचं साधन चालवलंत तर तो पॅकेटं सारख्या अंतराने सोडतो, सगळं ठीक दिसतं आणि तिकीट पुन्हा बंद होतं.